राजहंसाची पिल्लं पायावर उभी राहत नाहीयेत? आधी खाद्य बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. वाघोलीकडे बंगल्यामागे मोकळी जागा, एक नर, दोन माद्या, वर चार विकत आणलेली पिल्लं, त्यातली दोन उभीच राहत नाहीत, गुडघ्यासारखा दिसतो त्या सांध्यावर बसून सरकतात, आणि मोठा नर सासऱ्यांच्या मागे लागतो म्हणून घरात सगळ्यांनाच देऊन टाकायचं चाललंय. पिल्लांचं जे लिहिलंय ते आमच्याकडे अगदी तसंच झालं होतं. सावली, पाणी, रात्री बंद शेड हे तुम्ही करत असणारच, त्यात जात नाही.

मी डॉक्टर नाही, हे अनुभवाचं आणि वाचनाचं आहे, पक्ष्यांचा जाणकार डॉक्टर मिळाला तर त्याचं ऐका. पण तो मिळेपर्यंत थांबू नका, आज संध्याकाळीच सुरू करा.

तुम्ही लिहिलंय की दुकानदाराने ब्रॉयलर स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांचं खाद्य, दिलं आणि सोबत मक्याचा भरडा. इथेच घोळ आहे असं मला वाटतं. राजहंसाच्या आणि बदकाच्या पिल्लांना नायसिन, म्हणजे बी-3, कोंबडीच्या पिल्लांपेक्षा खूप जास्त लागतं. ब्रॉयलरच्या पिल्लाला किलोभर खाद्यात साधारण 35 मिलिग्रॅम पुरतं, राजहंसाच्या पिल्लाला सुरुवातीच्या चार आठवड्यांत 65 च्या आसपास लागतं. मक्यातलं नायसिन असून नसल्यासारखं, ते बांधलेल्या रूपात असतं, पोटात सुटत नाही. म्हणजे कोंबडीचं खाद्य, त्यात वरून मका मिसळला, की उरलंसुरलं पण पातळ होतं. मग सांधा सुजतो, पाय बाहेर वाकतात, पिल्लू दोन पावलं टाकून बसतं. चार-पाच दिवसांत ते खायला उठायचं बंद होतं आणि बाकीची त्याला तुडवून जातात.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो, कारण तुमचा वेळ तिथे जाऊ नये. आम्ही पिल्लू खोक्यात घालून एका पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. नाव घेत नाही, आणि घेऊन उपयोगही नाही, कारण असं कुठेही होऊ शकतं. खिडकीवरच्या माणसाने रजिस्टर उघडलं, त्यात रकाने होते गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, कोंबडी. त्याने एकदा खोक्यात बघितलं आणि ‘कोंबडी’ या रकान्यात एक काढला. तिथून पुढे सगळ्यांसाठी ती कोंबडीच झाली! आत कोणीही पिल्लाला हातात घेऊन पाय बघितला नाही, सांधा चाचपला नाही, काय खायला घालता हे विचारलं नाही. लांबून बघून सांगितलं लकवा आहे, मानमोडीतला (राणीखेत रोगातला) असेल, कॅल्शियमची बाटली घ्या, आठ दिवसांनी या, तोपर्यंत बाकीच्यांना वेगळं करा. मी दोनदा म्हटलं की साहेब हे राजहंसाचं पिल्लू आहे, उत्तर आलं की पक्षी तो पक्षी. आठ दिवसांत पायाच्या मागची शीर सांध्यावरून सरकली आणि ती परत जागेवर येत नाही, नायसिन दिलं, मालिश केली, पट्टी बांधली तरी नाही. ते पिल्लू गेलं. त्याच्या बरोबरीचं दुसरं, ज्याला आम्ही नंतर लगेच नायसिन सुरू केलं, ती मादी आज अंगणात फिरतेय. मला अजून राग येतो तो औषध चुकल्याचा नाही, ते कोणाचंही चुकतं. राग येतो की एक प्रश्न विचारला असता, ‘काय खातं?’, तर पाच मिनिटांत निदान झालं असतं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, दुसरीकडे पाठवावं. आठ दिवस थांबा म्हणू नये.

असो. काय करायचं ते. ब्रुअर्स यीस्ट आणा, ही नायसिन असलेली यीस्टची पावडर, जिमवाल्यांच्या किंवा पोषणाच्या दुकानात मिळतं, बेकरीचं पाव फुगवायचं यीस्ट चालणार नाही, ते पोटात फुगतं. एक कप खाद्याला एक मोठा चमचा, थोडं पाणी शिंपडून कालवा म्हणजे पावडर तळाला राहत नाही. पाय आधीच वाकायला लागलेत म्हणून जोडीला पाण्यातून नायसिन द्या, चार लिटर पाण्याला साधारण 100 ते 150 मिलिग्रॅम, पाणी रोज बदलायचं. हळूहळू सुटणारी गोळी घेऊ नका. कॅल्शियम मनाने देऊ नका, आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य तर पिल्लांना अजिबात नको, त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने किडनीवर येतं. खोक्यात पेपर अंथरला असेल तर आजच काढा, त्यावर पाय घसरून फाकतात. गोणपाट किंवा खडबडीत मॅट टाका. दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या टबमध्ये पाच-सात मिनिटं पोहू द्या, पाण्यात वजन निघून जातं आणि पाय चालतात, पण बाहेर काढल्यावर नीट पुसून ऊब द्या. आईविना वाढलेल्या पिल्लांची पिसं भिजतात, थंडी लागून दगावतात. लवकर पकडलं तर दोन-तीन दिवसांत फरक दिसायला लागतो.

एक मात्र, पाय गेलेत पण मान वाकडी पिरगळलीये, हिरवी शी होतेय किंवा एका दिवसात दोन-तीन मेली असं काही असेल तर हे सगळं सोडा. तो संसर्ग असू शकतो, हात लावणं कमी करा आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा, 2006 ला नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं ते जुन्या लोकांना आठवत असेल.

खाद्याचं अजून एक, पावसाळा तोंडावर आहे म्हणून. शेंगदाण्याची पेंड स्वस्त म्हणून कोणी सुचवेल, घेऊ नका. ओलसर पेंडीत आणि बुरशी धरलेल्या मक्यात अफलाटॉक्सिन तयार होतं आणि पाणपक्ष्यांची पिल्लं त्याला फार नाजूक असतात. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्की हजारोंनी मेल्या त्या अशाच भुईमुगाच्या पेंडीने, त्यावरूनच हे विष सापडलं. वास आला की गोणी फेका, पैशाचा विचार करू नका. शिळी पोळी आणि पाव पण नको. तीन आठवड्यांनंतर प्रोटीन 15-16 टक्क्यांवर आणा आणि गवत वाढवा, नाहीतर पंखाचं टोक बाहेर वळतं. हरळी, लसूणघास, कोथिंबिरीच्या काड्या, सगळं आवडीने खातात. हा चरणारा प्राणी आहे, दाणे हे वरचं.

आता सासऱ्यांचं. नर वाईट नाही, मादी अंड्यावर असताना किंवा आसपास पिल्लं असताना तो असाच वागतो. मान उंच ताठ असेल तर तो फक्त बघतोय. मान जमिनीलगत लांब करून फुत्कारत आला आणि मानेची पिसं थरथरली तर तो येणारच. तेव्हा आजोबांनी पळायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. ते पळाले की तो मादीकडे जाऊन मान पुढे करून ओरडतो, जिंकल्याचा सोहळा असतो तो. कॉन्राड लोरेंझ यांनी राखी हंसांवर याचं फार बारकाईने वर्णन केलंय, त्यांना 1973 मध्ये प्राण्यांच्या वागणुकीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. रोज असा सोहळा झाला तर उद्या तो अजून लांबून येईल. उभं राहायचं, हात बाजूला पसरायचे, त्याच्याकडे सावकाश एक-दोन पावलं जायचं. काठीने मारू नका, मार लक्षात ठेवतो. ज्येष्ठ माणूस आहे, तोल जाऊ शकतो, म्हणून अंड्यांचा हंगाम संपेपर्यंत त्यांची वाट आणि घरट्याची जागा यामध्ये कमरेएवढी जाळी लावा, हा वाद कायमचा मिटेल. आणि नर लहान असताना हाताने भरवून लाडावला असेल तर तो मोठेपणी माणसाला घाबरत नाही, म्हणून या चार पिल्लांत नर निघाले तर आत्तापासून थोडं अंतर ठेवा, माझं हे मत ठाम आहे, काही जणांना पटणार नाही.

साप येत नाहीत म्हणून पाळलेत असंही लिहिलंय. राजहंस ओरडून कळवतो, साप थांबवत नाही. अंगणात गवत वाढलं तर साप येणारच, तेव्हा त्या भरवशावर रात्री पिल्लं उघडी ठेवू नका, मुंगूस आणि भटकी कुत्री आधी येतील.

देऊन टाकायचं आत्ता ठरवू नका. हे पक्षी जोडीदार सहजासहजी बदलत नाहीत आणि नीट ठेवले तर वीस वर्षं जगतात, नर एकटा दुसरीकडे पाठवला तर मागे राहिलेल्या माद्या कित्येक दिवस हाका मारत राहतात, मी ऐकलेलं आहे.

खाद्याच्या पिशवीवरचं लेबल आणि पिल्लांचे पाय मागून घेतलेले फोटो टाका, सांध्याच्या मागे शीर मधोमध आहे की बाजूला गेलीये ते दिसलं पाहिजे. रात्री बघून सांगतो.