उत्तर: "असेचे (assay, म्हणजे हॉर्मोन मोजण्याच्या चाचणीचे) तपशील द्या" म्हणून पेपर परत आलाय, लॅब दाद देत नाही. दुसऱ्या जर्नलला पाठवू का?

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं पुन्हा ठणकायला लागलं. थायरॉइड आणि व्हिटॅमिन डीवरचा पेपर, रिव्ह्यूअरकडे जायच्या आधीच संपादकीय कार्यालयातून परत. मागणी अशी की प्रत्येक हॉर्मोन कुठल्या मशीनवर, कुठल्या किटने मोजलं आणि इंट्रा-असे, इंटर-असे सीव्ही (तोच नमुना एकाच फेरीत आणि वेगवेगळ्या फेऱ्यांत मोजला तर आकडा किती टक्के हलतो ते) किती, ते लिहा. लॅब म्हणते "तसलं काही आम्ही देत नाही", आणि गाइड म्हणतात "किटच्या पत्रकातले आकडे टाक, नाहीतर दुसरं जर्नल बघ". बरोबर ना?

कव्हर लेटर, संदर्भांची शैली, एथिक्सचा क्रमांक वगैरेंवर मी लिहीत नाही, ते जर्नलच्या सूचनांत असतंच. आणि आधीच सांगून ठेवते, मी कुठल्या जर्नलची संपादक नाही, संख्याशास्त्र माझा विषय नाही. अधूनमधून रिव्ह्यू करते आणि हे एकदा स्वतः भोगलंय, एवढ्या भांडवलावर बोलतेय.

थेट उत्तर: दुसऱ्या जर्नलला पाठवू नका, निदान या कारणासाठी तरी नाही. हॉर्मोनशास्त्राच्या आपल्या शाखेतलं कुठलंही बरं जर्नल हेच विचारणार. शिवाय आपलं वर्तुळ लहान आहे. एका जर्नलने नाकारलेला पेपर दुसऱ्या जर्नलकडून माझ्याच मेलबॉक्समध्ये आलाय, स्वल्पविरामही न बदलता. रिव्ह्यूअर विसरत नाहीत हो. तेव्हा माझा अभिप्राय कसा गेला असेल ते तुम्हीच ओळखा.

हे लोक या बाबतीत इतके कडक का, हे गाइडना सांगायला उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात लिहिते. आपल्याकडे हॉर्मोनचा आकडा हाच पुरावा, आणि तो किटवर अवलंबून. स्त्रिया आणि मुलांमधलं कमी पातळीचं टेस्टोस्टेरॉन नेहमीच्या इम्युनोअसेवर (अँटिबॉडी वापरून मोजणाऱ्या चाचणीवर) भरवशाचं येत नाही, हे एंडोक्राइन सोसायटीने २००७ च्या निवेदनात मांडलं. २०१३ मध्ये "जर्नल ऑफ क्लिनिकल एंडोक्रिनॉलॉजी अँड मेटाबोलिझम"ने टेस्टोस्टेरॉनसारख्या सेक्स स्टेरॉइडसाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीच (रेणूंच्या वजनावरून मोजणारी पद्धत) हवी, असं जाहीर केलं. २०१४ मध्ये तो आग्रह सैल झाला. पद्धत कुठलीही चालेल, पण तुमच्या रुग्णांमध्ये जी पातळी अपेक्षित आहे त्या पातळीला ती नीट मोजते हे दाखवा, असा सूर आला. तेव्हा कार्यालयातून आलेलं ते पत्र म्हणजे कुणा कारकुनाची लहर नाही.

आता माझी कथा. लांबेल, पण तुमच्या कामाची आहे.

आमचा अभ्यास ॲड्रिनलचा. बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना २५० मायक्रोग्रॅम सिनॅक्थेन (ॲड्रिनल ग्रंथीला चेतवणारं इंजेक्शन) द्यायचं आणि ३० व ६० मिनिटांना कॉर्टिसोल, म्हणजे त्या ग्रंथीचं हॉर्मोन, बघायचं. कटऑफ (आकडा त्याखाली राहिला तर ॲड्रिनल नापास) १८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे साधारण ५०० नॅनोमोल प्रति लिटर, आम्ही सगळे शिकलो तोच. नमुने मध्यवर्ती लॅबला जायचे, आकडे संगणकावर यायचे, आम्ही ते तक्त्यात भरायचो. पेपर गेला, आणि दुसऱ्या रिव्ह्यूअरने पुरवणीतल्या आलेखावर बोट ठेवलं. भरतीच्या तारखेनुसार मांडलेले ठिपके एका जागी चक्क पायरी उतरल्यासारखे खाली आले होते. त्याचा प्रश्न एका ओळीचा: "इथे असे (मोजायची चाचणी) बदलला का?"

बदलला होता. लॅबने मधेच कॉर्टिसोलचं जुनं किट काढून नव्या पिढीचं आणलं होतं. जुन्या किटातली अँटिबॉडी कॉर्टिसोलच्या जवळच्या इतर स्टेरॉइडनाही थोडंफार धरते. नवी जास्त नेमकी, म्हणून त्याच नमुन्याचा आकडा खाली येतो. अशा किटवर कटऑफ १४-१५ च्या आसपास आणावा लागतो. १८ च ठेवला तर ज्यांची ॲड्रिनल ठीक आहे असेही लोक नापास होतात. आमच्या अभ्यासाच्या उत्तरार्धात तेच झालं होतं. त्या आकड्यांवरून किती जणांना हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलची भरपाई करणारं औषध) विनाकारण चालू राहिलं असेल, हा वेगळाच विषय. तो काढला तर हे उत्तर संपायचं नाही.

इथपर्यंत ठीक. किटं बदलतात, बदलायलाच हवीत. संताप आला तो पुढे. मी लॅबच्या कार्यालयाकडे मागत काय होते? किट बदललं ती तारीख, दोन्ही किटांची नावं आणि त्या काळातले क्यूसीचे (रोजच्या गुणवत्ता तपासणीचे) आकडे. उत्तर आलं, लेखी अर्ज करा. केला. मग विभागप्रमुखांची सही आणा. आणली. मग म्हणे किटची माहिती खरेदी विभागाकडे. खरेदी विभाग म्हणाला आमच्याकडे बिलं, किटचं लॅबला विचारा. परत लॅब. तिथे एका साहेबांनी मान वर न करता विचारलं, "आमच्या रिपोर्टवर तुमचा विश्वास नाही का?" म्हणजे मी मेथड्सचा परिच्छेद लिहायला आले होते आणि झाले तक्रारदार.

आणि मागितलेलं काही नवीन खणून काढायचं होतं असंही नाही. सकाळी मशीन चालू झालं की कमी-जास्त पातळीचे कंट्रोल (पातळी आधीच माहीत असलेले नमुने) लावतात आणि त्यांचे आकडे लेव्ही-जेनिंग्ज चार्ट नावाच्या आलेखावर चढतात. त्याच आकड्यांचं एसडी (प्रमाण विचलन) भागिले सरासरी गुणिले १०० म्हणजे इंटर-असे सीव्ही. दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांपायी रिव्हिजनची मुदत गेली, वाढवून घेतलेली मुदतही गेली आणि "नव्याने सबमिट करा" असं पत्र आलं. नव्याने म्हणजे नवा संपादक, नवे रिव्ह्यूअर, परत रांगेच्या शेपटाला.

सुटका झाली ती रुग्णांच्या फायलींमुळे. छापील रिपोर्ट काढून तारखेप्रमाणे लावले. आकड्याच्या उजवीकडे बारीक टायपात संदर्भमूल्य असतं, ते आपण कधी वाचतो? एका तारखेपर्यंत सकाळच्या कॉर्टिसोलची एक रेंज, दुसऱ्या दिवसापासून दुसरी, आणि तळाच्या ओळीत पद्धतीचं नाव एका शब्दाने वेगळं. जी तारीख कार्यालय मला देत नव्हतं, ती लॅबने प्रत्येक रुग्णाच्या हातात छापून दिलेली होती.

पुढचं भराभर सांगते. किटांची नावं मशीन पुरवणाऱ्या कंपनीच्या ॲप्लिकेशन स्पेशालिस्टने एका फोनवर दिली. जुन्या काळातले काही नमुने सुदैवाने उणे ८० अंशांवर गोठवलेले शिल्लक होते. ते नव्या किटवर पुन्हा लावले, दोन किटांची तुलना ब्लँड-आल्टमन आणि पासिंग-बॅब्लॉक या दोन मोजण्यांतला फरक दाखवणाऱ्या पद्धतींनी दिली आणि विश्लेषण किटप्रमाणे वेगळं केलं. (नुसता कोरिलेशनचा r (दोन आकडे बरोबरीने वर-खाली होतात का ते) देऊन खूश होऊ नका. एक किट कायम तीस टक्के कमी दाखवत असेल तरी r झकास येतो.) निष्कर्ष बराच मवाळ झाला, पण पेपर लागला.

तुमच्या बाबतीत मी काय करेन? कार्यालयाला अर्ज करत बसणार नाही. लॅबमध्ये रात्रपाळीला असणारा बायोकेमिस्ट्रीचा रेसिडेंट किंवा वरिष्ठ टेक्निशियन गाठा. क्यूसी रोज बघणारी माणसं तीच, आणि नीट विचारलं तर ती आनंदाने सांगतात. त्यांना विचारा, लॅब बाहेरच्या गुणवत्ता तपासणीत भाग घेते का. व्हिटॅमिन डीसाठी डेक्वास नावाची योजना १९८९ पासून चालू आहे, त्यातला सहभाग मेथड्समध्ये एका वाक्यात लिहिला तरी वजन पडतं. मात्र मदत केली म्हणून कुणाला लेखक करू नका, आभारात नाव द्या. आयसीएमजेईचे (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे) लेखकत्वाचे चार निकष आहेत आणि चारही पुरे व्हावे लागतात. माझं स्पष्ट मत असं की हॉर्मोनवरच्या अभ्यासात बायोकेमिस्ट पहिल्या दिवसापासून टीममध्ये हवा, मग हा प्रश्नच येत नाही. पण ते आता तुम्हाला सांगून काय उपयोग.

किटच्या पत्रकातले सीव्ही टाकण्याबद्दल. टाकता येतात, पण "उत्पादकाने दिलेल्या माहितीनुसार" असं स्वच्छ लिहून. ते कंपनीच्या आदर्श परिस्थितीतले आकडे आहेत. आपल्या लॅबचे म्हणून खपवलेत तर ते खोटं आहे, गाइड काहीही म्हणोत. लॅबने खरोखरच काही दिलं नाही तर मर्यादांच्या परिच्छेदात तसं लिहा. काही संपादक मान्य करतात, काही नाही. हे माझं मत, हमी नाही.

नमुने बऱ्याच काळात गोळा केलेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून किट बदललं का हे तपासाच. थायरॉइडच्या चाचण्यांपैकी टीएसएचमध्ये किटाकिटांतला फरक त्यामानाने कमी, फ्री टी४ मध्ये जास्त. व्हिटॅमिन डीमध्ये तर काही इम्युनोअसे डी२ हा प्रकार पूर्ण पकडत नाहीत, त्यामुळे कुणाला एर्गोकॅल्सिफेरॉल (म्हणजेच डी२) दिलं असेल तर आकडा कमी दिसेल. आणि मेथड्समध्ये नुसतं "व्हिटॅमिन डी" नको, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी असं पूर्ण लिहा.

बायोटिन या जीवनसत्त्वाचंही बघा. केस-नखांसाठी लोक मोठ्या डोसमध्ये घेतात आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन-बायोटिनवर चालणाऱ्या किटांत ते घोळ घालतं. सँडविच पद्धतीचं टीएसएच खोटं कमी येतं, स्पर्धात्मक पद्धतीचं फ्री टी४ खोटं जास्त, आणि धडधाकट बाईचा रिपोर्ट ग्रेव्हजसारखा (थायरॉइड अतिसक्रिय होण्याच्या आजारासारखा) दिसतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता. रुग्णांना पूरक औषधांबद्दल विचारलं असेल तर एक वाक्य घाला. रिव्ह्यूअर विचारणार हे जवळजवळ नक्की.

एसआय (आंतरराष्ट्रीय) एककांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्यावरही पेपर परत येतात. व्हिटॅमिन डी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमधून नॅनोमोल प्रति लिटरमध्ये नेताना २.५ ने गुणा (नेमकं २.४९६), म्हणजे २० चे ५०. एचबीए१सीमध्ये (गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेच्या चाचणीत) मात्र खड्डा आहे. टक्क्यांवरून मिलिमोल प्रति मोल काढायचं सूत्र १०.९३ ने गुणून २३.५ वजा करा असं आहे, त्यामुळे ६.५ टक्के म्हणजे ४८. पण हे सूत्र सरासरीसाठी. एसडीला फक्त १०.९३ ने गुणायचं, वजाबाकी नाही. पूर्ण सूत्र लावलं की १ टक्का एसडीचं उणे १२.६ होतं, आणि मग वजाचं चिन्ह टायपिंगची चूक समजून कुणीतरी पुसतं. मी रिव्ह्यूला आलेल्या तक्त्यात नेमकं हेच पाहिलंय.

राहिलं गाइडनी सुचवलेलं "दुसरं जर्नल". काही दिवसांत स्वीकृतीची हमी देणारी आमंत्रणं मेलवर येतात, त्यातलं ते असेल तर लांब राहा. तिथे असेचे तपशील कुणी विचारणार नाही हे खरं, पण तिथे कुणी काहीच विचारत नाही. आणि एकदा तिथे छापलं की तोच डेटा चांगल्या जर्नलला देता येत नाही.

तूर्त एवढंच करा. तुमच्या पहिल्या आणि शेवटच्या रुग्णाचे छापील रिपोर्ट शेजारी ठेवा आणि टीएसएच, फ्री टी४, व्हिटॅमिन डी तिन्हींची संदर्भमूल्यं आणि तळाची पद्धतीची ओळ ताडून बघा. फरक दिसला तर कुठल्या तारखेला बदललं ते शोधा आणि किटांच्या नावांसकट इथे लिहा, विश्लेषण कसं वेगळं करायचं ते बघू. फरक नसेल तर एकाच किटवर सगळे नमुने झाल्याचं, मशीन, किट आणि सीव्हीसकट, मेथड्समध्ये घालून याच जर्नलला परत पाठवा. मुदत किती उरलीय ते तेवढं पोर्टलवर आजच बघून ठेवा. वाढवून हवी असेल तर ती संपायच्या आधी मागावी लागते.