जुन्या फायबर बोटीचा फ्लोअर दबतोय. वरून नवा प्लाय ठोकला तर चालेल का?

नाही, तसं अजिबात करू नका. १८ फुटी बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, आणि फ्लोअर मधोमध पाय दिला की दबतो म्हणताय, तर खालचे स्ट्रिंगरही (तळाला लांबीने बसवून फायबरने मढवलेले लाकडी आधार) गेले असण्याची शक्यता खूप आहे. वरून ठोकलेला प्रत्येक स्क्रू म्हणजे लाकडात पाणी उतरायला नवी वाट.

आधी खात्री करून घ्या. छोट्या हातोडीने स्ट्रिंगरवर ठोकत जा. लाकूड चांगलं असेल तिथे टणक आवाज येतो, कुजलेलं असेल तिथे बद्द. शंका आली तिथे बाजूने बारीक भोक पाडा. कोरडा, फिकट भुसा निघाला तर ठीक. काळपट ओला लगदा निघाला तर तो स्ट्रिंगर संपला. वरचं फायबर मात्र धडधाकट दिसत राहतं, म्हणून नजरेवर विसंबू नका.

हे कुजणं समुद्रापेक्षा पावसाच्या पाण्याने जास्त होतं. लाकूड खाणारी बुरशी गोड्या पाण्यात फोफावते, खाऱ्यात तिला तेवढं जमत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. तळातलं पाणी सोडायचं बूच काढलेलं नसेल, वर ताडपत्री नसेल, तर आत साचलेलं पाणी स्क्रूच्या भोकांतून प्लायमध्ये मुरत राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फ्लोअर आणि स्ट्रिंगर मिळूनच तळाचा आकार धरून ठेवतात. ते काढल्यावर तळ खाली बसला आणि तुम्ही तसाच नवा स्ट्रिंगर बांधलात, तर तो बाक कायमचा राहतो आणि बोट वेगात नीट धावत नाही. म्हणून बोट समतल ठेवून तळाला जागोजागी लाकडी टेकू द्या, जुन्या स्ट्रिंगरची उंची-अंतरं मोजा, पुठ्ठ्याचे साचे कापा, आणि एका वेळी एकच स्ट्रिंगर काढा. फ्लोअरखालचा फोम पाणी पिऊन जड झाला असेल तर तोही काढावाच लागेल. तो वाळत नाही.

जुन्या फायबरवर नवं आपोआप एकजीव होत नाही, पकड खरवडण्यातून येते. आधी ॲसिटोनने तेलकटपणा पुसा, मग ३६ किंवा ४० नंबरच्या पेपरने पांढुरकं, खरखरीत फायबर दिसेपर्यंत घासा. काचेची धूळ फुप्फुसात जाते. फडकं बांधून भागणार नाही, चांगला मास्क आणि चष्मा हवाच.

प्लाय आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचाच घ्या. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणून देतो तो दरवेळी तो नसतो. स्ट्रिंगर तळाला थेट टेकवू नका, खाली रेझिन (फायबर घट्ट करणारा चिकट द्रव) आणि एरोसिल (ते दाट करणारी पांढरी पूड) यांची पुट्टी घाला, कोपऱ्यात तिचीच गोलाई काढा. काटकोनात मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चादर) बसत नाही, आत हवा राहते. मग मॅट आणि रोव्हिंग (काचेच्या धाग्यांचं जाड विणलेलं कापड) आलटून पालटून, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. पाणी मागे वाहून जायला स्ट्रिंगरमध्ये ठेवलेल्या भोकांच्या आतल्या उघड्या लाकडालाही रेझिन पाजा, भोकं मात्र मोकळीच ठेवा. माझ्या पाहण्यात कूज बहुतेकदा तिथूनच सुरू होते.

रेझिन परवडत असेल तर इपॉक्सी घ्या, कारण जुन्या फायबरला तिची पकड चांगली. मात्र नेहमीच्या मॅटचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ तिच्यात नीट विरघळत नाही, तेव्हा विणलेलं कापड वापरा. पॉलिएस्टर रेझिन वापरणार असाल तर साधं जीपी (जनरल पर्पज) नको, आयसो (आयसोफ्थॅलिक) घ्या. मे महिन्याच्या उन्हात ते भराभर घट्ट होतं, म्हणून सकाळी लवकर, थोडं थोडं कालवा. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारा द्रव) एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर.

नव्या फ्लोअरचा प्लाय खालून आणि चारही कडांनी रेझिन पाजूनच बसवा. आणि तो बंद करण्याआधी इंजिन टांगलेला ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, ठोकून बघा. तोही बद्द वाजला तर त्याचं काम याच वेळी उरका, नाहीतर नवा फ्लोअर पुन्हा कापावा लागेल.