एलएस टाइप केलं की लोकल येते

घरात सगळे मिळून एकच लिनक्स संगणक वापरतात, तर नुकसान न करता घरच्यांची गंमत कशी करावी, असं तुम्ही विचारलंय. आमच्या मुलुंडच्या घरी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) असलेल्या एकाच संगणकावर चौघांची खाती आहेत, म्हणून अनुभवाचं सांगतो.

माझी आवडती गंमत 'एसएल' या छोट्या प्रोग्रॅमची. फायलींची यादी पाहण्यासाठी 'एलएस' लिहिताना अक्षरं उलटी पडली की हा टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, वाफेचं इंजिन पळवतो आणि ते निघून जाईपर्यंत कंट्रोल-सी दाबूनही थांबत नाही. टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल म्हणजे बॅशआरसी; धाकट्या भावाच्या या फाइलच्या शेवटी मी एलएसचा एलियस, म्हणजे त्याच नावाखाली दुसरंच काम, लिहिला: आधी ईस्पीक-एनजी हा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम मराठी आवाजात 'पुढील स्टेशन, मुलुंड' म्हणणार, मग गाडी सुटणार. भाऊ इंजिनिअरिंगला आहे, पोट धरून हसला. एलियस हाताने टाइप केलेल्या कमांडलाच लागतो, बॅश स्क्रिप्टला (फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या कमांडना) एरवी लागत नाही, त्यामुळे त्याच्या प्रोजेक्टला धक्का नव्हता. ओळ पुसून नवं टर्मिनल उघडलं की सगळं पूर्ववत.

एसएलला 'ए' पर्याय दिला तर अपघाताची गाडी येते, आतली माणसं मदतीसाठी ओरडत असतात. तो अजिबात वापरू नका. ज्या घरातली माणसं रोज लोकलला लोंबकळत जातात, तिथे ते बघवत नाही.

बाबांच्या खात्यात मात्र मी माउसची डावी-उजवी बटणं बदलली होती. त्यांना वाटलं व्हायरस शिरला. त्यांनी सरळ मेन स्विच बंद केला आणि पुढे कित्येक दिवस संगणकाला हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं. यंत्र आतून कसं चालतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याचीच अशी गंमत करावी. आईबाबांसाठी लॉगिन झाल्यावर 'चहा झाला का?' असं विचारणारा आवाज पुरे.

उबुंटू 21.04 पासून नव्या खात्याचं होम फोल्डर इतरांना उघडत नाही, म्हणजे हे सगळं सुडो, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रशासकाचे अधिकार, वापरूनच करावं लागतं. घरच्यांनी विश्वासाने दिलेली कपाटाची किल्लीच ती. फायली, पासवर्ड, फायली पुसणारी 'आरएम' कमांड यांना हात लावू नका, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तर काहीच करू नका.

एखादी कमांड खरं काय चालवते हे सांगणारी 'टाइप' कमांड वापरून, 'टाइप एलएस' लिहून भावाने माझी ओळ शोधून काढली. आठवड्याने मी माझ्या खात्यात फोल्डर बदलायला सीडी लिहिलं, तर आवाज आला: 'पुढील स्टेशन, ठाणे.'