तक्त्यातली बरोबरची खूण

महोदय,

आपली कन्या संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गुण उत्तम आहेत, आणि सी ही ‘असुरक्षित’ प्रोग्रॅमिंग भाषा असल्याने तिने ती सोडून थेट रस्ट शिकावी, असे आपण ठरवून टाकले आहे. सोबत सी, झिग, एडा आणि रस्ट या चार भाषांचा खुणांनी भरलेला तक्ताही जोडला आहे. चार पानी पत्रात तिचे स्वतःचे वाक्य एकच सापडले, तळाशी पेन्सिलीने लिहिलेले: ‘मला सी आवडते.’ मला काळजी वाटते ती या पेन्सिलीची. आधी रस्टच्या क्लासची फी भरली आणि मग मुलीला सांगितले, हा क्रम उलटा झाला.

आपली धास्ती निराधार नाही. २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या हार्टब्लीड या त्रुटीत ओपनएसएसएल या इंटरनेटवरील संवाद सांकेतिक करणाऱ्या सॉफ्टवेअरचा सीमधील कोड समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता तेवढी मेमरी परत पाठवत होता.

पण आपल्या तक्त्यात ‘सुरक्षित’ असा एकच रकाना आहे आणि घोळ तिथेच आहे. दहा घरांच्या ॲरेत (म्हणजे मेमरीतल्या ओळीने मांडलेल्या घरांत) वापरकर्त्याने अकराव्या घराचा क्रमांक दिला, तर सीचा प्रोग्रॅम बरेचदा मुकाट्याने शेजारची मेमरी बिघडवतो, रस्टचा तिथेच थांबतो, आणि झिगचा थांबेल की नाही हे प्रोग्रॅम कोणत्या प्रकारे तयार केला (बिल्ड) यावर ठरते, कारण वेगाला प्राधान्य देणाऱ्या ‘रिलीजफास्ट’ प्रकारात ही तपासणी गळते. मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरण्याची चूक रस्टचा कंपाइलर (लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारे साधन), ‘अनसेफ’ अशी खूण केलेला कोड वगळता, प्रोग्रॅम तयार होण्यापूर्वीच अडवतो. झिगचा अडवत नाही. तरीही आपल्या तक्त्यात दोघांपुढे सारखीच खूण आहे! एडाचे म्हणाल, तर १९९६ मध्ये एरियान ५ रॉकेटच्या सॉफ्टवेअरमध्ये ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावेना, तेव्हा एडाने चूक पकडली. पण पकडल्यावर करायचे काय, याची सोय त्या ठिकाणी कोणी केली नव्हती, दिशा सांगणारे संगणक बंद पडले आणि उड्डाणानंतर चाळीसएक सेकंदांत रॉकेट नष्ट झाले.

‘गेट’ या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेला सी लागतेच, त्यावर अधिक लिहीत नाही. रस्टचा क्लास सहा महिने थांबू द्या. तो अकराव्या घराचा प्रोग्रॅम तिला सीमध्ये लिहू द्या, ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका प्रोग्रॅम चालताना पकडणारे साधन) लावून चालवू द्या, मग तोच रस्टमध्ये लिहून पाहू द्या. तक्ताही तिनेच नव्याने भरावा; मात्र रकाने असे असावेत: चूक कंपाइल होताना पकडली जाते, चालताना पकडली जाते, की पकडलीच जात नाही.

पुढचे पत्र तिच्या हस्ताक्षरात आणि शाईने लिहिलेले यावे. आपण पाकिटावर पत्ता तेवढा घालावा.