फँटसी कादंबरी लिहिताना कल्पना कुठून आणायच्या, रोजची लिहायची सवय कशी लावायची आणि पात्रं जिवंत कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की नकाशा तयार आहे, राजघराण्याच्या पाच पिढ्यांची वंशावळ तयार आहे, जादूचे प्रकारही ठरलेत, पण दुसऱ्या प्रकरणापुढे कादंबरी सरकत नाही. मला वाटतं तुमचे तिन्ही प्रश्न एकाच जागी अडकलेत. तुमच्या जगात काय काय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्याची किंमत कोण मोजतं हे अजून ठरलेलं नाही. ते ठरलं की पात्र हाती लागतं, आणि उद्या काय लिहायचं हा प्रश्नही बराचसा सुटतो.

आधी सुचण्याबद्दल. आपल्याला सुचतं ते बहुतेक वेळा एखादं चित्र असतं: ओसाड किल्ला, बोलणारा पक्षी, उलटी वाहणारी नदी. चित्र कितीही सुंदर असलं तरी त्यातून दोन-चार पानांपलीकडे काही निघत नाही. त्या चित्राचा नियम करावा लागतो. नियम एका वाक्यात मावला पाहिजे आणि त्यात काहीतरी घडलं पाहिजे. 'जादूची नदी' हा नियम नव्हे. 'सूर्य मावळला की नदी उलटी वाहू लागते आणि उगवला की पुन्हा सुलटी' हा नियम झाला.

आता कागद घेऊन हिशोब करा. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण खरा खजिना इथेच आहे. पाण्याचा वेग ताशी ४ किलोमीटर धरा, दिवस आणि रात्र बारा-बारा तासांची धरा. पहाटे सोडलेली नाव वल्हं न मारता संध्याकाळपर्यंत ४८ किलोमीटर खाली जाते. तिथे ती बांधली नाही, तर सकाळपर्यंत निघाली होती तिथेच परत येते. म्हणजे दर ४८ किलोमीटरवर नावा बांधायची मोठी, श्रीमंत गावं असणार, आणि मधली गावं नावा नुसत्या जाता-येताना बघत राहणार. समुद्राजवळच्या टप्प्यात रोज रात्री खारं पाणी आत शिरणार, त्यामुळे तिथे शेती नाही, मिठागरं आहेत. उगमाशी रात्रभराचं पाणी साठेल एवढं तळं लागणार, आणि ते ज्याच्या ताब्यात त्याच्याशी कोणी वैर घेणार नाही. बघा, राजकारण आपोआप आलं, त्यासाठी वंशावळ लागली नाही.

अजून पुढे जा. भर दुपारी बाराला घाटावरून काही टाकलं, तर ते सहा तास खाली जाईल, सहा तास वर येईल आणि मध्यरात्री पुन्हा त्याच घाटाशी असेल. या राज्यात नदीत टाकून काही लपवता येत नाही. उन्हाळ्यात दिवस १४ तासांचा आणि रात्र १० तासांची झाली, की तरंगणारी वस्तू दिवसभरात ५६ किलोमीटर खाली जाते आणि रात्री फक्त ४० किलोमीटर वर येते. रोज १६ किलोमीटरचा फरक पडतो आणि वस्तू हळूहळू दूर जाते. हिवाळ्यात हाच हिशोब उलटा. म्हणजे उन्हाळ्यात वाहून गेलेलं हिवाळ्यात परतू लागतं. हे वाक्य हाती आलं की कथानकाची सुरुवात झाली असं समजा, कारण आता प्रश्न पडतो: उन्हाळ्यात कोणी काय टाकलं होतं?

पात्र इथून निघतं. नियमाला तीन प्रश्न विचारायचे. या नियमावर कोणाचं पोट चालतं? या नियमामुळे कोणाचं नुकसान होतं? आणि या नियमापासून कोणाला पळून जाता येत नाही? तिन्ही उत्तरं एकाच माणसात सापडली तर तो तुमचा नायक किंवा नायिका. आपल्या उदाहरणात रात्री घाटाशी परत येणारं सामान गळाने काढणारं कोणीतरी असणारच. समजा, ते काम करणारी एक बाई आहे. मिळालेल्या सामानातला वाटा ही तिची कमाई. मृतदेह आला तर सूर्योदयाच्या आत कोतवालाला कळवायचं, हा तिच्या कामाचा कायदा. आणि गेल्या उन्हाळ्यात तिने स्वतःच एक मृतदेह पाण्यात सोडलेला आहे.

आता तिला काय हवंय हे बघा. 'न्याय' किंवा 'मुक्ती' असं मोघम लिहू नका. तिला हिवाळ्यातल्या प्रत्येक रात्री स्वतःच घाटावर असायचंय, एकही रात्र दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ द्यायची नाही. एवढी नेमकी इच्छा असली की वागणं आपोआप ठरतं. ती तापाने फणफणली तरी सुट्टी घेणार नाही. जोडीला मदतनीस दिला तर त्याला हाकलून देईल. लोकांना ती आधी कष्टाळू वाटेल, मग लोभी वाटेल, आणि मग एकाला संशय येईल. तो एक म्हणजे जकातीवरचा अधिकारी, ज्याचा भाऊ उन्हाळ्यात बेपत्ता झाला. भाऊ कुठे गेला हे कळावं, एवढंच त्याचं मागणं आहे. खलनायक असाच शोधावा: त्याच नियमातून निघालेला आणि स्वतःच्या जागी बरोबर असलेला. 'जगावर राज्य करायचंय' म्हणणारा काळ्या झग्यातला माणूस फिका पडतो, कारण त्याला नकार देताना वाचकाला काहीच त्रास होत नाही.

पात्राचा आवडता रंग, आवडता पदार्थ, राशी असे शंभर प्रश्नांचे तक्ते भरण्यात वेळ घालवू नका. त्यातून माहिती जमते, वागणं कळत नाही. मी पाच गोष्टी लिहायला सांगेन: हातात कोणतं काम आहे, या महिन्यात काय मिळवायचंय, काय उघडकीस यायला नको, कोणासमोर खोटं बोलता येत नाही, आणि कोणती गोष्ट इतरांपेक्षा उत्तम जमते. शेवटची गोष्ट बहुतेक नवे लेखक विसरतात. कामात निष्णात असलेलं माणूस वाचकाला लगेच आवडतं. ती बाई पाण्याच्या आवाजावरून प्रवाह फिरायला किती वेळ उरलाय हे ओळखते, एवढं एक वाक्य दहा ओळींच्या रूपवर्णनापेक्षा जास्त काम करतं. आणि एक तपासणी जरूर करा. पात्राला अशा प्रसंगात ठेवा ज्यात जादू अजिबात नाही: उधारी मागणं, आजारी माणसाला भरवणं, चुकीची माफी मागणं. तिथे पात्र निर्जीव वाटलं तर अजगराशी लढतानाही निर्जीवच वाटणार.

'भविष्यवाणीत ज्याचा उल्लेख आहे तो मुलगा' ही कल्पना वाईट नाही, पण तिच्यात एक खोट आहे. सगळे निर्णय भविष्यवाणी घेते आणि मुलगा नुसता वाहत जातो. अशी कथा लिहायचीच असेल, तर पहिल्या तीन प्रकरणांत त्याने स्वतःच्या मर्जीने घेतलेला आणि अंगाशी आलेला एक तरी निर्णय असू द्या.

जादूबद्दल ब्रँडन सँडरसन या लेखकाने २००७ साली एक तत्त्व मांडलं, ते तंतोतंत पटतं: जादू वाचकाला जितकी समजली असेल, तितकीच ती अडचण सोडवायला वापरावी. याचा व्यावहारिक अर्थ असा की शेवटच्या लढाईत जी शक्ती कामी येणार, ती आधी किमान दोनदा दिसली पाहिजे: एकदा काम करताना आणि एकदा फसताना. दुसरी वेळ जास्त महत्त्वाची, कारण मर्यादा कळते ती तिथेच. किंमतही ठोस हवी. 'मंत्र म्हटला की थकवा येतो' ही किंमत नव्हे, थकवा झोपेने जातो. परत न मिळणारं काहीतरी जायला हवं.

मराठीत लिहिताना काही गोष्टी आपल्यालाच सोडवाव्या लागतात. नवं नाव पक्कं करण्याआधी त्याला ने, ला, चा, शी, कडून लावून मोठ्याने म्हणा. 'झ्रक्ष्यार्थ' कागदावर भारदस्त दिसतं, पण 'झ्रक्ष्यार्थाकडून' शंभर वेळा वाचताना वाचक अडखळतो. दोन-तीन अक्षरी नावं चालतात. मुख्य पात्रांची पहिली अक्षरं वेगळी ठेवा, आणि 'घ-ध', 'भ-म' असे डोळ्यांना सारखे दिसणारे वर्णही सुरुवातीला टाळा. एका प्रदेशातली नावं एकाच कुळातली वाटावीत म्हणून त्या प्रदेशात कोणते ध्वनी मुळीच नाहीत हे ठरवा: एकीकडे 'ण' आणि 'ळ' नाहीत, दुसरीकडे महाप्राण (ख, घ, भ यांसारखे 'ह' मिसळलेले वर्ण) नाहीत. एवढ्यानेच दोन संस्कृती कानाला वेगळ्या लागतात.

नव्या वस्तूंचं लिंग पहिल्याच दिवशी ठरवा. तो स्फटिक की ते स्फटिक, ती सावली-तलवार की तो सावली-खड्ग, हे दोनशे पानांनंतर बदललं तर प्रत्येक क्रियापद आणि विशेषण बदलावं लागतं. तसंच कोण कोणाला तू म्हणतं आणि कोण तुम्ही, याचा छोटा तक्ता करा. एखादं पात्र राजाला 'आपण' म्हणता म्हणता ज्या ओळीत 'तू' वर येतं, ती ओळ एका पानाच्या भांडणाइतकी बोलकी असते, पण आधी सगळीकडे 'आपण' नीट पाळलेलं असेल तरच. शब्दांचा काळही सांभाळा. 'मिनिट' आणि 'टेबल' आलं की जुन्या जगाचा भास तुटतो. घटका आणि प्रहर वापरणार असाल तर घटका २४ मिनिटांची आणि प्रहर तीन तासांचा, हे ध्यानात ठेवा. उलट, दर वाक्यात संस्कृत शब्द पेरले की सगळी पात्रं एकाच पौराणिक नाटकातली वाटू लागतात. गळाने सामान काढणारी बाई साधंच बोलेल.

आता सवयीबद्दल. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपाल खात्यात नोकरी करत असताना पहाटे समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत असे. तो वेग तुमचा असायची गरज नाही, पण मोजमाप हवंच. रोज ५०० शब्द, आठवड्यातले पाच दिवस, या हिशोबाने ८०,००० शब्दांचा पहिला खर्डा ३२ आठवड्यांत होतो. उठताना प्रसंग पूर्ण करून उठू नका. पुढची ओळ ठाऊक असताना थांबा, उद्या त्याच ओळीने सुरुवात करा. आणि खर्डा संपेपर्यंत पहिली तीन प्रकरणं दुरुस्त करायची नाहीत. काही बदल सुचला तर समासात लिहा आणि तो केलाय असं धरून पुढे जा. हे ऐका, कारण अर्धवट राहिलेल्या बहुतेक कादंबऱ्या इथेच मरतात: पहिलं प्रकरण गुळगुळीत होतं आणि पंधरावं कधी लिहिलंच जात नाही.

जगाची टिपणं लिहायला सुरुवातीला दहा पानांची मर्यादा घाला. त्यापुढचं टिपण एखाद्या प्रसंगाला गरज पडली तरच. पाच पिढ्यांच्या वंशावळीतलं कादंबरीत काय आलं पाहिजे? फक्त तेवढंच, ज्याच्यामुळे आज एखादं पात्र वेगळं वागतं. बाकीचं तुमच्या वहीत सुखरूप राहू द्या.

वेगळ्या वहीत मात्र एक नोंदतक्ता खर्ड्याबरोबरच वाढवत न्या: प्रकरण, कितवा दिवस, चंद्राची कला, कोण कुठे आहे, कोणाला कोणती जखम, कोणाला काय माहीत झालंय. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, त्यामुळे पौर्णिमेच्या चांदण्यात लपाछपी झाल्यावर दहा दिवसांनी पुन्हा संध्याकाळीच पूर्ण चंद्र उगवू शकत नाही. पायी चालणारा माणूस बऱ्या रस्त्याने दिवसाला २५-३० किलोमीटर जातो, सामानसुमान घेऊन निघालेलं सैन्य त्याहून कमी. मोडलेला हात दीड-दोन महिने तलवार धरू शकत नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्स' लिहिणाऱ्या टॉल्किनने १९५४ सालच्या एका पत्रात म्हटलंय की त्याने आधी नकाशा केला आणि गोष्ट त्यात बसवली, अंतरं काळजीपूर्वक सांभाळून. तुमचा नकाशा तयार आहे, हे तुमचं बळच आहे. त्यावर आता मोजपट्टी घाला आणि प्रत्येक दोन गावांमध्ये किती दिवस लागतात ते लिहा. वाटेत कोण कोणाला गाठू शकतं आणि बातमी कोणाला उशिरा मिळते, हे तिथेच दिसू लागेल.

खर्डा झाल्यावर तीन-चार आठवडे बाजूला ठेवा आणि मग मोठ्याने वाचा. पहिल्या वाचनात फक्त एक गोष्ट तपासा: प्रत्येक प्रकरणात मुख्य पात्राने काही ठरवलं का, आणि त्यामुळे त्याचं काही गेलं का. जिथे दोन्ही उत्तरं 'नाही' आहेत ते प्रकरण काढा किंवा शेजारच्या प्रकरणात मिसळा. वाक्यांना हात त्यानंतर लावा. दुसऱ्या कोणाला वाचायला दिलंत तर 'आवडलं का' असं विचारू नका. कुठे वाचणं थांबवलंत, कोणतं नाव विसरलात, आणि पुढे काय होईल असं वाटलं होतं, एवढंच विचारा. त्यांनी सांगितलेली जागा बहुतेक वेळा बरोबर असते, सुचवलेला उपाय मात्र क्वचितच. दोष साधारण त्या जागेच्या दहा-वीस पानं आधी सापडेल, तिथे शोधा.