ग्रेमेल: यात टपाल कुठनं आलं?

परवा एकाने विचारलं, कोर्टातल्या 'ग्रेमेल'ला मराठीत काय म्हणायचं, 'राखाडी टपाल' चालेल का? अहो नाही चालणार! आरोपी जुना हेर किंवा बडा अधिकारी असतो, तो म्हणतो माझ्या बचावासाठी अमुक गुप्त कागद भर कोर्टात दाखवावे लागतील, आता सरकारने ठरवावं गुपितं बाहेर येऊ द्यायची का केस सोडायची. अमेरिकेत याला आळा घालायला १९८० लाच कायदा झाला, असे कागद जजने आधी बंद दाराआड तपासायचे, तरी १९८९ मध्ये कोस्टा रिकातला सीआयएचा माजी प्रमुख जो फर्नांडिस सुटलाच, कारण अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा सर्वात वरचा कायदा अधिकारी, कागद उघड करायला तयार होईना.

पण खरी मजा 'मेल'मध्ये आहे. ग्रेमेल हे ब्लॅकमेलवरूनच बेतलेलं. पत्राचा मेल फ्रेंच पिशवीवरून आला, ब्लॅकमेलमधला मेल वेगळाच, तो स्कॉटलंडचा, अर्थ जमिनीचा खंड, म्हणजे भाडं, आणि त्याच्यामागे जुन्या नॉर्समधला, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतला, बोलणं, करार अशा अर्थाचा शब्द. सोळाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरचे लुटारू शेतकऱ्यांकडून तो वसूल करायचे, दिला तर ठीक, नाहीतर रातोरात गोठा रिकामा. चांदीतला खंड पांढरा आणि गुराधान्यातला काळा असं काही विद्वान सांगतात, मला नाही पटत, लुटारूला द्यायचा म्हणून काळा, झालं.

आणि आपल्याकडे? शेत खंडाने देतात ना, त्याच घरातली खंडणी! खंडणी म्हणजे मिळकतीचा 'खंड' म्हणजे तुकडा, असं सांगणाऱ्यांना संस्कृत धातू दिसला की पुढे बघायचंच नसतं. खंडून देणे म्हणजे उक्तं ठरवून देणे, म्हणजे इथेही मुळात करारच. पेशवाईत मांडलिकाने ठरलेली खंडणी भरणं हा रीतसर व्यवहार होता, आज पोलिसांचं खंडणीविरोधी पथक असतं. दोन्हीकडे शेतातला साधा शब्द गुंडांच्या हाती गेला, हे मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही, भीती दाखवून घेणाराही आपण हक्काचं घेतोय असंच म्हणतो.

हां, प्रश्न राहिलाच. ग्रे अशासाठी की आरोपीला बचावाचा हक्क असतोच, त्यामुळे सरळ धमकी म्हणता येत नाही. खंडणीही नको, पैसे कुठे मागतोय तो? मी 'झाकल्या मुठीचा बचाव' म्हणेन, फक्त इथे मूठ आरोपीची आणि सव्वा लाख सरकारचे. 'गुपितस्फोट-भयदर्शन' वगैरे कुणी सुचवलं तर कृपया मला कळवू नका.