असॉल्ट रायफल, असॉल्ट वेपन आणि ‘स्वयंचलित’

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या बंदूकबंदीच्या बातम्यांत ‘असॉल्ट रायफल’ आणि ‘असॉल्ट वेपन’ असे दोन शब्द येतात. ते एकच का? आणि एआर-15 या रायफलीला मराठीत ‘स्वयंचलित’ म्हणावं का?

एकच नाहीत. असॉल्ट रायफल हा लष्करी शब्द. मध्यम ताकदीचं काडतूस, काढता-घालता येणारं मॅगझिन (गोळ्यांची पेटी), आणि एकेक गोळी झाडायची की सलग मारा करायचा हे ठरवणारा खटका, या तिन्ही गोष्टी असतील तर असॉल्ट रायफल. नाव आलं 1944 च्या जर्मन रायफलीवरून. एके-47 त्याच जातकुळीतली.

असॉल्ट वेपनचा अर्थ मात्र ज्या-त्या कायद्यात लिहिला असेल तो. 1994 च्या संघीय कायद्याने काही बंदुका नावानिशी बंद केल्याच, शिवाय एक कसोटी घातली: मॅगझिन बदलता येणारी अर्धस्वयंचलित (दर गोळीला चाप पुन्हा ओढावा लागणारी) रायफल असेल आणि पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, संगीन लावायची जागा, नळीच्या तोंडाशी ज्वाळा लपवणारं टोपण अशांपैकी किमान दोन गोष्टी असतील, तर बंदी. उत्पादकांनी संगिनीची जागा आणि टोपण काढलं, मूठ ठेवली आणि जवळपास तीच बंदूक विकली. व्याख्या अंगावरच्या दागिन्यांवरून केली की असंच व्हायचं! 2004 मध्ये तो कायदा मुदत संपून गेला.

एआर-15 मधलं ‘एआर’ आर्मालाइट या कंपनीच्या नावातलं, असॉल्टशी त्याचा संबंध नाही. बाजारात नागरिकांना मिळणारी ही रायफल एकदा चाप ओढला की एकच गोळी झाडते. पुढची गोळी नळीत आपोआप येते, पण चाप पुन्हा ओढावा लागतो. म्हणून ‘अर्धस्वयंचलित’. आपली वर्तमानपत्रं सर्रास ‘स्वयंचलित’ छापतात, ते चूक.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. ‘चापाच्या एका क्रियेत’ एकाहून अधिक गोळ्या सुटल्या तर ती मशीनगन, असं 1934 चा कायदा म्हणतो. बंप स्टॉक हा बंदुकीच्या दस्त्याच्या जागी बसवायचा सुटा भाग. तो लावला की गोळीच्या धक्क्याने बंदूक मागेपुढे सरकते आणि स्थिर बोटावर चाप पुन:पुन्हा आदळतो. 2017 च्या लास व्हेगास हत्याकांडात तेच वापरले होते. मग ही एक क्रिया की अनेक? 2024 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी ‘अनेक’ म्हटलं आणि बंप स्टॉकला मशीनगन ठरवणारा सरकारी नियम रद्द झाला.

उलट, मॅगझिनला कुणी ‘क्लिप’ म्हटलं की बंदूकप्रेमी तुटून पडतात. क्लिप म्हणजे काडतुसं एकत्र धरणारी पट्टी, मॅगझिन म्हणजे स्प्रिंगने ती वर ढकलणारी पेटी. फरक खरा आहे. पण मॅगझिनवर 10 गोळ्यांची मर्यादा हवी की नको, या वादात त्याने काहीच ठरत नाही. तेवढ्यावरून समोरच्याचं म्हणणं उडवून लावणं हा निव्वळ शब्दच्छल.